स्थानिक शोधासाठी आधी गूगल प्रोफाइल की वेबसाइट?

हाताशी वेळ कमी आणि पैसाही बेताचा असेल, तर गूगल प्रोफाइल (नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद) आणि वेबसाइट ही दोन कामं अर्धवट करण्यापेक्षा एक नीट पुरं करावं. कोणतं, हे ठरवायला दोन गोष्टी पाहा: गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं की तुम्ही त्याच्याकडे जाता, आणि निवड करायला ते दोन मिनिटं घेतं की दोन आठवडे.

नकाशासोबत दिसणारे स्थानिक निकाल सुसंगतता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन निकषांवर लागतात, असं गूगल स्वतः सांगतं. यातलं अंतर तुमच्या हातात नाही. दुकानाच्या दारात उभं राहून शोधलं तर पहिला क्रमांक आणि तीन किलोमीटरवरून शोधलं तर यादीत नावच नाही, हा नेहमीचा प्रकार आहे. २०१५ पासून नकाशाखालच्या यादीत साधारण तीनच जागा असतात, त्यामुळे हे लगेच जाणवतं. त्याखालच्या साध्या निकालांतही शोधणाऱ्याचं ठिकाण विचारात घेतलं जातं, पण तिथे पानावरच्या मजकुराला जास्त वजन असतं. थोडक्यात, प्रोफाइल अंतराला बांधलेलं असतं आणि वेबसाइट मजकुराला.

प्रोफाइल: झटपट, पण नियमांच्या चौकटीत

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि एका बैठकीत भरून होतं. अडतं ते पडताळणीला. अनेकांना व्हिडिओ मागितला जातो. तो एका दमात, न कापता काढायचा. त्यात परिसर आणि रस्ता ओळखू यावा, धंद्याची पाटी व साधनं दिसावीत आणि कारभार तुमच्याच हातात आहे हे कळावं, म्हणजे कुलूप उघडताना किंवा बिलिंग यंत्र वापरताना दाखवावं. पाटीवर एक नाव आणि प्रोफाइलवर दुसरं असेल, तर व्हिडिओ नाकारला जाण्याची शक्यता बरीच.

भरताना सर्वांत जास्त विचार मुख्य कॅटेगरीवर खर्च करा. मुख्य एकच असते, त्यावर आणखी ९ जोडता येतात, पण क्रमावर खरा परिणाम मुख्य कॅटेगरीचा होतो. दातांच्या दवाखान्याने ‘दवाखाना’ निवडलं तर दातदुखीवर शोधणाऱ्याला तो सापडणं अवघड. तुमच्या कामाच्या शोधात वर दिसणाऱ्या तिघांची मुख्य कॅटेगरी बघा आणि तुमच्या धंद्याला चपखल बसणारी सर्वांत नेमकी निवडा. उरलेल्या ९ जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात कीवर्ड (लोक शोधताना टाकतात ते शब्द) कोंबून क्रम वर जात नाही, म्हणून ते वाचणाऱ्या माणसासाठी लिहा.

नावाचं मात्र उलटं आहे. नावात ‘स्वस्त’, ‘२४ तास’, भागाचं नाव असं काही घुसवलं की क्रम खरोखर वर जातो, आणि म्हणूनच हा मोह वाईट. गूगलच्या नियमानुसार नाव पाटीवर असेल तेच द्यायचं. एखाद्या स्पर्धकाने तक्रार केली की नाव बदललं जातं किंवा प्रोफाइल सस्पेंड होतं, आणि तेवढा काळ फोन थंडावतो. अपिलासाठी पाटीचा फोटो, नोंदणीची कागदपत्रं, पत्त्याचं वीजबिल आधीच एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, कारण अपील पाठवल्यावर पुरावा जोडायला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

रिव्ह्यूंच्या बदल्यात सवलत देणं नियमाबाह्य आहे. खूश गिऱ्हाइकालाच लिंक द्यायची आणि नाराजाला वगळायचं, हेही चालत नाही. काम झालं की त्याच दिवशी प्रत्येकाला लिंक पाठवा आणि आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या. एकदम पन्नास आणि मग वर्षभर शुकशुकाट, यापेक्षा आठवड्याला दोन येत राहणं कितीतरी चांगलं.

आणखी एक धोका: कुणीही ‘बदल सुचवा’ दाबून तुमच्या वेळा किंवा फोन नंबर बदलण्याची सूचना करू शकतं, आणि ती कधीकधी स्वीकारलीही जाते. महिन्यातून एकदा प्रोफाइल उघडून सगळं तपासा.

घरपोच सेवा देणाऱ्यांची अडचण

नळदुरुस्ती, वायरिंग, सफाई अशी कामं करणाऱ्यांच्या पत्त्यावर गिऱ्हाईक येत नसेल, तर नियमानुसार पत्ता लपवावा लागतो आणि सेवाक्षेत्रं द्यावी लागतात. ती जास्तीत जास्त २० देता येतात. मात्र यादीत भाग लिहिला म्हणून तिथे क्रम वर जात नाही. अंतर पडताळणी केलेल्या पत्त्यापासूनच धरलं जातं. लांबच्या भागातलं काम हवं असेल तर वेबसाइटला पर्याय नाही. टपालपेटीचा किंवा व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता देऊन हे अंतर चुकवू नका, प्रोफाइल जाण्याचा तो हमखास रस्ता आहे.

वेबसाइट: सावकाश, पण लांबवर

नवी वेबसाइट निकालांत रुळायला काही महिने जातात. सुरुवातीला पाच-सहा पानं पुरेत: मुखपृष्ठ, प्रत्येक मुख्य सेवेसाठी एक स्वतंत्र पान, आणि संपर्क. ‘आमच्या सेवा’ नावाच्या एका पानावर सगळं कोंबणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण मग ‘गीझर दुरुस्ती’ शोधणाऱ्यासाठी नेमकं असं पानच उरत नाही. प्रत्येक पानाच्या शीर्षकात सेवा आणि ठिकाण दोन्ही हवीत. नाव, पत्ता, फोन चित्रात नको, मजकुरात हवा आणि प्रोफाइलशी तंतोतंत जुळणारा हवा. ‘लोकल बिझनेस’ स्कीमा (धंद्याची माहिती गूगलला नीट वाचता यावी म्हणून पानात घालायचा कोड) घाला, पण स्वतःच्या साइटवरच्या रिव्ह्यूंचे तारे शोधात दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. गूगलने ते २०१९ मध्ये बंद केलं.

फक्त गावाचं नाव बदलून तीच वीस पानं काढणं गूगलच्या स्पॅम धोरणात मोडतं. त्या भागात केलेल्या कामाचे फोटो, तिथले दर, तिथे पोहोचायला लागणारा वेळ असं काही वेगळं लिहिता येत असेल तरच वेगळं पान काढा. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. तो अडतो बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून थेट चढवलेल्या अवजड फोटोंमुळे.

प्रोफाइलमधून मिळणारी मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) हातात असण्याचं महत्त्व तिथे अनेकांना कळलं.

मग निवड कशी?

चावीवाला, सलून, पंक्चरवाला, औषधांचं दुकान: आधी प्रोफाइल, वेबसाइट नंतर झाली तरी चालेल. वकील, करसल्लागार, इंटिरियर डिझायनर: प्रोफाइल एका दिवसात भरा आणि उरलेली मेहनत वेबसाइटवर घाला, कारण त्यांचं गिऱ्हाईक वाचून ठरवतं. घरपोच सेवा देणाऱ्यांनी दोन्ही करावं, पण जवळच्या भागासाठी प्रोफाइल आणि लांबच्यासाठी वेबसाइट हे मनात पक्कं ठेवून.

गूगल जाहिराती हा तिसरा पर्याय वेबसाइट रुळेपर्यंतच्या मधल्या काळासाठी ठीक. तिथे ठिकाणाच्या सेटिंगमध्ये त्या भागात ‘असलेले’ आणि त्या भागात ‘रस असलेले’ असे दोन्ही लोक आपोआप निवडलेले असतात. फक्त ‘असलेले’ ठेवा, नाहीतर दूरवरच्या क्लिकवर पैसे जातील.

प्रोफाइलमधल्या वेबसाइट लिंकला यूटीएम टॅग (लोक कुठून आले हे सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा. तो नसेल तर नकाशावरून आलेले आणि साध्या निकालांतून आलेले लोक ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या गूगलच्या साधनात, एकाच रांगेत मोजले जातात, आणि पुढचा पैसा कुठे घालायचा हे आकड्यांवरून ठरवताच येत नाही.