उभं किती वेळ राहू देतात? ठाणे-वाशीतली कॉमिक्सची दुकानं

आधीच सांगते, दुकानांची नावं लिहिणार नाहीये. ठाण्यात नौपाड्यातल्या दुकानाच्या काकांनी स्वतःच सांगितलं, "ताई, नाव नका टाकू, मागे एकाने रील केली तर पुढचे दोन शनिवार नुसती पोरं येऊन कपाटासमोर फोटो काढून गेली, पुस्तक एक विकलं गेलं नाही." आणि वाशीच्या मॉलमधल्याचं नाव न लिहिण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच.

तर झालं असं की माझा भाचा आठवीत आहे आणि त्याला मांगाचं वेड लागलंय. जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणजे आपल्या हिशोबाने पुस्तक मागून उघडायचं. माझ्या बहिणीला वाटलं छपाई चुकलीय, ती परत द्यायला निघाली होती. सुट्टीत तो माझ्याकडे ऐरोलीला आला आणि म्हणाला मावशी चल ना, दुकानं फिरू. म्हटलं चल. मलाही एक काम होतंच, बाबांची वेताळाची (म्हणजे फँटमची) जुनी कॉमिक्स कपाटात पडलीत, त्यांचं काय करायचं ते कोणाला तरी विचारायचं होतं.

माझी कॉमिक्सच्या दुकानाची परीक्षा एकच आहे, तुम्हाला तिथे उभ्या उभ्या किती वेळ वाचू देतात. लहानपणी आमच्या गल्लीत सुट्टीत एक दादा कॉमिक्स भाड्याने द्यायचा, दोरीवर वाळत घातल्यासारखी लटकवून, आणि तिथे उभं राहून तिसरं पान उलटलं की तो खाकरायचा. तिसऱ्या पानापर्यंत मुभा. तेवढ्यात गोष्ट आवडली तर पैसे द्या आणि घरी न्या. हा हिशोब मला अजूनही योग्यच वाटतो.

पहिला शनिवार वाशी. ट्रान्स हार्बर लोकलने गेलो, बसायला जागा मिळाली हीच मोठी गोष्ट. मॉलमधलं दुकान दिसायला खरंच भारी आहे, काचेची कपाटं, आतून लाइट, सुपरहिरोंचे पुतळे असे की त्यांच्या कोटाची शिवण सुद्धा दिसते. फूटभर उंचीचा एक पुतळा, किंमत एकोणतीस हजार. भाच्याने मला विचारलं एवढं महाग का, आणि त्याचं उत्तर दुकानातल्या मुलाला देता आलं नाही पण मला थोडंफार माहीत होतं, कारण ऑफिसमध्ये आयातीची कागदपत्रं बघते. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० पर्यंत २० टक्के होती, त्या वर्षी ती एकदम ६० केली आणि २०२३ मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. सगळी बाहेरची खेळणी महागली ती यामुळे, त्यात डॉलर, त्यात मॉलचं भाडं. म्हणजे लुटतात असं नाही, पण आपल्या खिशाला दोन्ही सारखंच.

मांगाची भिंत मात्र बघण्यासारखी. पूर्ण भिंत. एका मालिकेचे शंभराहून जास्त खंड निघालेत, १९९७ पासून चालू आहे आणि अजून संपलेली नाही, भाचा त्यातल्या अठराव्यावर आहे, एक खंड पाचशेच्या आसपास, करा गुणाकार. पण प्रत्येक खंड प्लास्टिकमध्ये सीलबंद! एक सुद्धा उघडा नाही. आत चित्रं कशी आहेत, कागद कसा आहे, काही कळायला मार्ग नाही. मी एक नमुना उघडून दाखवा म्हटलं तर "मॅडम सील तोडलं की घ्यावं लागेल." तेवढं बोलून तो मुलगा आमच्या मागे मागे फिरायला लागला, आम्ही थांबलो की तो थांबायचा, आम्ही सरकलो की तो सरकायचा. वरातीत घोड्यामागे चालल्यासारखं वाटत होतं. घड्याळ लावून सांगते, चार मिनिटांत आम्ही बाहेर.

आता नाव न लिहिण्याचं कारण. मोठ्या डोक्याच्या त्या बाहुल्या असतात ना, फंको पॉप, साधारण पावणेचार इंचाच्या, त्यातली एक भाच्याला गेल्या वाढदिवसाला मी इथूनच घेऊन दिली होती. शाळेतल्या एका कलेक्टर मित्राने ती उलटी करून बघितली आणि म्हणाला नकली. बाहुलीवर छापलेला कोड आणि खोक्याच्या तळाचा कोड जुळायला हवा, तो जुळत नव्हता, खोक्यावरची छपाई अंधुक, आणि रंग डोळ्याच्या बाहेर सांडलेला. यावेळी विचारलं तर "मॅडम, बिल आहे का?" बिल कुठून असणार, गिफ्ट होतं, मीच फाडलं किंमत दिसू नये म्हणून. चूक माझी पण आहे. पण तो माणूस बाहुली हातात घेऊन बघायलाही तयार नव्हता हे मला जास्त लागलं. घेताना कोड बघा, एवढंच सांगते, आणि जपानी बाहुल्यांच्या खोक्यावर निर्मात्या कंपनीचं चमचमणारं स्टिकर आहे का ते पण बघा.

मधे एक छोटं विषयांतर. वाशीहून येताना एका साध्या खेळण्यांच्या दुकानात शिरलो, तिथे हॉट व्हील्सच्या गाड्यांसमोर तीन मोठे बाप्ये, लॅपटॉपची बॅग पाठीवर, एकेक पाकीट पुढे-मागे करून शोधत होते. मला आधी वाटलं पोरांसाठी घेतायत. भाचा म्हणाला नाही, हे हंटर. खोक्यात ७२ गाड्या येतात, त्यात एखादी ट्रेझर हंट असते, चित्रात बारीक ज्योतीची खूण असते, आणि तिच्याहून दुर्मीळ सुपर ट्रेझर हंट, तिला रबराची खरी चाकं आणि वेगळा चकाकता रंग. ती शे-दोनशेत मिळते आणि बाहेर हजारांत विकली जाते. म्हणून काही लोक दुकानातल्या पोराला चहापाणी देऊन खोकं फुटायच्या आधीच हात मारतात. मग लहान मुलांच्या वाट्याला उरतं काय तर त्याच त्या चार गाड्या. मला हे लोक आवडले नाहीत. सरळ सांगते.

दुसरा शनिवार नौपाडा. गोखले रोडच्या मागची गल्ली, खाली झेरॉक्सवाला, बाजूने अंधारा जिना, तोही असा उभा की गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून यावं. वर दहा बाय बाराची खोली. पाटी नाही. दारातच डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, काका म्हणाले ठाण्याच्या पावसात कागद सांभाळायचा तर हे लागतंच, नाहीतर कसर लागते, शिवाय ओलीने पिना गंजतात ते वेगळंच, पिनेचा गंज पानात उतरला की तो डाग काही जात नाही. प्रत्येक जुना अंक जाड पुठ्ठ्याला टेकवून पिशवीत ठेवलेला. पण पिशवीचं तोंड नुसतं दुमडलेलं, चिकटवलेलं नाही. "काढा आणि बघा, हात फक्त पुसून घ्या," आणि एक नॅपकिन पुढे केला. बस्स, मला तिथेच दुकान आवडलं.

काय काय आहे विचाराल तर एका बाजूला चाचा चौधरी, नागराज, ध्रुव, डोगा यांचे गठ्ठे, टिंकल, खाली अमर चित्र कथा, त्यात मराठी बऱ्याच. वरच्या फळीवर खेळणी. फनस्कूलचे जी आय जो सैनिक, आमच्या वेळचे, हातभर हट्ट केल्यावर एखादा मिळायचा तो. यांच्या पोटात एक रबरी रिंग असते जिच्यावर वरचं आणि खालचं धड जोडलेलं असतं, तीस वर्षांनी ते रबर मरतं आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. काका प्लंबिंगच्या दुकानातून बारीक रिंगा आणून बदलून देतात. एका सैनिकाचं ऑपरेशन आमच्यासमोरच केलं, पाठीचा स्क्रू काढला, जुनी रिंग डिंकासारखी चिकट झाली होती ती खरवडली, नवीन घातली, दोन मिनिटांत सैनिक कवायत करायला लागला. भाचा तोंड उघडं ठेवून बघत होता. गाडीच्या तळाला लिओ कंपनीचं नाव असलेल्या भारतात बनलेल्या जुन्या हॉट व्हील्स पण आहेत चार-पाच, त्या विकायच्या नाहीत म्हणे, मग ठेवल्या कशाला हे विचारलं नाही.

आणि मग इंद्रजाल. टाइम्सवाल्यांची ही कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली, मराठीतही यायची, वेताळ, मॅन्ड्रेक, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. काकांनी एक गंमत सांगितली, मूळ गोष्टीत वेताळाच्या देशाचं नाव बंगाला आहे, ते आपल्याकडे डेंकाली झालं, कारण बंगालशी गल्लत नको. मी आयुष्यभर डेंकाली आफ्रिकेच्या नकाशात शोधलंय हो, चौथीत बाईंना विचारलं पण होतं. मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी सापडतात म्हणे, चांगल्या अवस्थेतला साडेतीनशेपासून पुढे. अंकावर किंमत लिहिलेली नाही ही मात्र माझी तक्रार आहे, काका तोंड बघून भाव सांगतात असा मला दाट संशय आहे, माझ्यानंतर आलेल्या शर्ट इन केलेल्या माणसाला त्याच गठ्ठ्यातला अंक पाचशे सांगितला. मी काही बोलले नाही, माझा फायदाच होता.

मग मी पिशवीतून बाबांचे दोन खंड काढले. बाबा वागळे इस्टेटला कंपनीत होते, दर महिन्याला घेतलेले अंक जपून ठेवायचे आणि वर्ष संपलं की बाइंडिंग करून आणायचे, लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरात वेताळ आणि साल. आमच्या घरात ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवलेले असायचे. मला वाटलं होतं एवढं नीट ठेवलंय म्हणजे चांगली किंमत येणार. काकांनी खंड उघडला, अंगठ्याने कडा चाचपली आणि "अरेरे" म्हणाले. बाइंडरने तिन्ही बाजू मशीनवर कापल्या होत्या, कडेच्या चौकटीतली अक्षरं अर्धी गेलेली, पिना काढून दोऱ्याने शिवलेलं, काही अंकांची मुखपृष्ठं तर जाड होतात म्हणून टाकूनच दिलेली. कलेक्टरला सुटा अंक हवा, मूळ पिनेसकट, न कापलेला. "ताई, रद्दीत टाकले असते आणि कोणी तसेच उचलले असते तर आज भाव आला असता. तुमच्या बाबांनी जपले म्हणून गेला."

मला हसू पण आलं आणि जरा रागही आला, बाबांवर नाही, त्या कलेक्टर लोकांवर. वाचायला बांधलेलं पुस्तक ते, पानं सपाट उघडतात, एकही पान सुटलेलं नाही, बारा अंक एका दमात वाचता येतात. पण बाजार बाजार आहे. काकांना गोड बोलून पाचशे हातात टेकवून मोकळं करता आलं असतं, तसं केलं नाही, हेही लिहायला हवं.

भाच्याच्या बाबतीत पण तेच. मांगाचे सेकंड हँड खंड एका खोक्यात होते, अडीचशेला एक, त्याने दोन उचलले तर काका म्हणाले यातला हा घेऊ नकोस, मधली आठ पानं उलटी लागलीत, आणि हा दुसरा इथेच वाच, तुला आवडतो का बघ. पोरगा खिडकीच्या कट्ट्याला टेकून जे उभा राहिला तो तब्बल पन्नास मिनिटं. कोणी खाकरलं नाही. खाली जाऊन मी मधे एक चहा पण पिऊन आले. शेवटी घेतला त्याने.

एक खंत आहे आणि ती काकांची चूक नाही. नवीन मराठी कॉमिक आहे का विचारलं तर त्यांनी अमर चित्र कथा आणि चिंटूची पुस्तकं दाखवली, दोन्ही चांगलीच आहेत, पण मी नवीन म्हणत होते. "येत नाहीत. आली तर पहिली प्रत मी ठेवेन," म्हणाले. भाचा मराठी माध्यमात आहे आणि जपानी गोष्ट इंग्रजीत वाचतो, डिक्शनरी शेजारी घेऊन. वाचतोय हे काय कमी, पण तरी.

जाणार असाल तर दुपारी एक ते चार बंद, रविवारी बंद, फोन उचलत नाहीत, पंखा एकच आणि तो काकांच्या डोक्यावर. बोलायला बसले की सुटका नाही, गडबडीत असाल तर जाऊच नका. जीपे चालतं. लहान मुलांना न्यायचं तर हात धुऊन न्या.

निघताना मी खंड पिशवीत भरायला लागले तर काका जरा घुटमळले, म्हणाले यातले तीन-चार अंक मी कधी वाचलेलेच नाहीत, आठवडाभर ठेवू का? म्हटलं ठेवा. मग त्यांनी खालच्या झेरॉक्सच्या खराब कागदाच्या पाठीवर रीतसर पावती लिहून दिली, तारीख, सही, आणि तपशिलाच्या जागी: वेताळ, लाल बाइंडिंग, २ नग, वाचायला घेतले.