२० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर: आठ महिने वापरून, एकदा शिव्या घालून

आधी जोडणी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. १०० वॅटची, ३६ सेलची दोन सोलर पॅनेल सिरीजमध्ये, १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी (पाणी घालायची), आणि मधे हा २० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वॅट खेचून बॅटरी भरणारा आणि भरत आली की करंट आवरणारा डबा. दिवे, पंखे आणि एक राउटर, एवढाच लोड.

पहिले तीन महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि कंट्रोलरच्या बाबतीत हेच सगळ्यात मोठं कौतुक. सकाळी १४.४ व्होल्टपर्यंत चढायचा, दोनेक तास तिथे थांबायचा, मग फ्लोटवर (भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरायचं व्होल्टेज) १३.६ ला उतरायचा. ढगाळ दिवसांत माझ्या जुन्या, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरपेक्षा जास्त करंट ओढतो, हेही जाणवलं.

चौथ्या महिन्यात रात्री दहालाच लोड कट व्हायला लागला. सकाळी बॅटरी १२.१ व्होल्ट, म्हणजे जेमतेम अर्धी भरलेली. गंमत अशी की स्क्रीनवर दुपारी बारापूर्वीच फ्लोट! बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं. बारापर्यंत पोट भरलं म्हणणारा संध्याकाळी उपाशी कसा, हे काही केल्या उमगेना.

मग मी सगळे करतात तेच केलं. फॅक्टरी रीसेट. पॅनेल धुतली. पॅनेलची तार काढून व्होल्टेज पाहिलं, ४३ भरलं, म्हणून पॅनेल ठीक असं ठरवून टाकलं. खरं तर उघड्या तारांवरचं व्होल्टेज पॅनेलबद्दल फार थोडं सांगतं. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरचं क्रिम्पिंग (तारेवर धातू दाबून केलेला जोड) कच्चं असलं तरी बिनलोडचं व्होल्टेज पूर्णच दिसतं, करंट वाहू लागला की कोसळतं. माझी पॅनेल निर्दोष होती ते नशीब. (ते कनेक्टर भर उन्हात, करंट चालू असताना ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. आधी पॅनेलचा आयसोलेटर, म्हणजे तोडायचा स्विच, बंद करा किंवा पॅनेल झाका.)

शेवटी कंट्रोलर बदलून मागायचा म्हणून तक्रार लिहायला बसलो. तेवढ्यात इन्व्हर्टरची कामं करणारा मित्र फोनवर म्हणाला, "अरे, स्क्रीन काय वाचतोस? चार्जिंग चालू असताना मीटर दोन्हीकडे लाव."

सकाळी दहाची वेळ, ९ अँपिअर जात होते. कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर मल्टिमीटर लावला: १४.४. तेच प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवले: १३.१. चार हात तारेत १.३ व्होल्ट गायब!

इथे सगळा उलगडा झाला. कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, दिसतात ते फक्त स्वतःचे दोन स्क्रू. तिथे १४.४ झाले की तो इमानदारीने करंट आवरतो, दोन तास मोजतो आणि फ्लोटवर जातो. बॅटरीला मात्र १४.४ कधी मिळालेलेच नसतात.

आता ते १.३ व्होल्ट कुठे मुरतात ते शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एकेका जोडाच्या अल्याड-पल्याड प्रोब टेकवत गेलो. लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि खुंट यांच्यात काही मिलिव्होल्ट. अख्ख्या तारेत ०.१. आणि पॉझिटिव्ह तारेतल्या पात्याच्या फ्यूजच्या होल्डरवर १.१ व्होल्ट. हात लावला तर चटकाच बसला. १.१ गुणिले ९, म्हणजे जवळपास १० वॅट त्या बोटभर प्लॅस्टिकमध्ये जळत होते. उघडून पाहिलं तर आतली पितळी पकड सैल पडलेली, एका बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकलेलं, आणि फ्यूज मात्र ठणठणीत. फ्यूज शाबूत म्हणजे वाट शाबूत, हा माझा समज तिथेच संपला. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर काय पेटलं असतं, हा विचार नंतर आला.

तो होल्डर फेकून बोल्टने आवळायचा फ्यूज बसवला, लग नीट दाबून घेतले. आता ९ अँपिअरला दोन्हीकडच्या आकड्यांत ०.१५ चा फरक राहतो.

पण याच कामात मी स्वतः एक घोळ घातला. बॅटरी सोडवली होती, आणि परत जोडताना घाईत पॅनेल आधी लावली. कंट्रोलर ऑटोवर होता (सिस्टीम १२ ची की २४ ची ते आपणच ओळखतो), त्याने सिस्टीम २४ व्होल्टची धरली आणि बॅटरीची एरर दाखवून गप्प बसला. सगळं सोडवून आधी बॅटरी, मग पॅनेल असं जोडलं तेव्हा ताळ्यावर आला. काढताना याच्या उलट, पॅनेल आधी. मॅन्युअलमध्ये हे आहे, पण बाराव्या पानावर, बारीक अक्षरात. हे टर्मिनलशेजारी ठळक छापायला हवं होतं. मी ऑटो काढून १२ व्होल्ट कायमचं सेट केलं आहे. तुमचीही बॅटरी १२ ची असेल तर कराच.

दुसरी तक्रार तापमानाची, आणि हा दोष मात्र कंट्रोलरचाच. याचा सेन्सर आतच आहे. कंट्रोलर पत्र्याच्या भिंतीवर तापतो, बॅटरी खाली गार फरशीवर. तो स्वतःच्या ४५ अंशांवरून बॅटरी तापली असं समजतो आणि (तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं म्हणून) २५ च्या वर दर अंशाला २४ मिलिव्होल्ट कापतो. हिशोब करा: १४.४ चे १३.९ झाले. उन्हाळ्यात बॅटरी रोज थोडी उपाशी. तारेचा बाहेरचा सेन्सर वेगळा घ्यावा लागला, तो बॅटरीच्या अंगाला चिकटवला तेव्हा आकडे जागेवर आले. हा सेन्सर डब्यातच द्यायला हवा होता.

बाकी काम चोख. टर्मिनल जाड तार घेतात, पण बारीक पदरांची तार नुसती पिळून खुपसलीत तर स्क्रू काही आठवड्यांत ढिला पडतो. टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबा. स्क्रीनवरचं टक्केवारीचं चित्र मी बघणं सोडलं आहे, ते नुसतं व्होल्टेजवरून काढलेलं असतं.

अर्धपोटी चाललेल्या त्या काळाची किंमत बॅटरीने मोजली. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) घातला तर सेल १.२२० च्या आसपास, म्हणजे पूर्ण भरलेल्यापेक्षा कमीच. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून, खिडक्या उघड्या ठेवून कंट्रोलरचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) दोनदा चालवलं. (हे फक्त पाण्याच्या बॅटरीला. जेल, एजीएम किंवा लिथियमला चुकूनही नाही.) पाच सेल १.२५५ पर्यंत आले. सहावा अजून १.२३५ वर अडून बसला आहे. पुढच्या महिन्यात परत मोजेन.