अ‍ॅपमधला डेटाबेस: दर वेळी उघडबंद, एकच हेल्पर की रूम?

समजा, दूध संकलन केंद्रासाठी अँड्रॉइड अ‍ॅप करायचं आहे. सकाळच्या रांगेत लिटर आणि फॅटच्या नोंदी चालू असतात, तेवढ्यात रेंज येते आणि मागे सिंक (सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण) सुरू होतो. डेटा फोनवरच, एसक्यूलाइट या फाइलमध्येच राहणाऱ्या डेटाबेसमध्ये. कनेक्शन (कोड आणि डेटाबेसमधली जोडणी) सांभाळायच्या तीन पद्धती सर्रास दिसतात.

पहिली: काम आलं की उघडा, झालं की बंद करा. सर्व्हरवर काम केलेल्यांना हीच शिस्त वाटते. तिथे कनेक्शनं मोजकी असतात, परत करावीच लागतात. इथे डेटाबेस म्हणजे अ‍ॅपच्याच फोल्डरमधली फाइल. ती उघडी ठेवायला फारसं काही लागत नाही. पुन्हा पुन्हा उघडायलाच जास्त लागतं. खरी गोची पुढे आहे. प्रत्येक स्क्रीनने आपापला एसक्यूलाइट-ओपन-हेल्पर (डेटाबेस उघडून देणारा अँड्रॉइडचा क्लास) बनवला की कनेक्शनंही वेगवेगळी होतात. सिंक मोठं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारा बदलांचा गट) धरून बसला असताना कुणी 'सेव्ह' दाबलं, तर दुसरं कनेक्शन अडीच सेकंद वाट बघतं आणि 'डेटाबेस इज लॉक्ड' म्हणत एक्सेप्शन फेकतं. ऑफिसातल्या टेस्टिंगमध्ये हे सहसा सापडत नाही, कारण तिथे दोन्ही कामं एकाच वेळी कुणी करत नाही.

दुसरी पद्धत, अख्ख्या अ‍ॅपला एकच हेल्पर. तो बंद करायच्या भानगडीतच पडायचं नाही. प्रोसेस मेली तर सिस्टिम फाइल बंद करते, आणि कमिट झालेलं ट्रान्झॅक्शन सुरक्षित राहतं. लॉकची कटकट जाते, पण एरवी कनेक्शन एकच असल्याने वाचणाऱ्यालाही रांगेत उभं राहावं लागतं. हे थांबणं मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर असेल तर पाच सेकंदांत एएनआर ('अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' ही सूचना) ठरलेला.

तिसरी म्हणजे रूम, एसक्यूलाइटवर बसणारी गूगलची लायब्ररी. स्थिर आवृत्ती 2017 मध्ये आली. मेन थ्रेडवर क्वेरी चालवायला गेलात तर रूम सरळ नकार देते, आणि एसक्यूएलमधली चूक बिल्ड करतानाच दाखवते. कमी रॅमचे फोन सोडले तर वॉल मोडही (राइट-अहेड लॉगिंग: बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिणं) आपणहून लावते. एसक्यूलाइटमध्ये हा मोड 2010 पासून आहे: लिहिणारा एका वेळी एकच, पण त्याच्यामुळे वाचणारे अडत नाहीत. म्हणजे सिंक चालू असतानाही कालची यादी लगेच उघडते. 'अँड्रॉइड 9 पासून वॉल आपोआप मिळतो, मग रूम कशाला?' असं कुणी म्हणेल. मिळतो, पण कनेक्शन एकच ठेवून. समांतर वाचनाचा फायदा त्यात नाही.

रूमचा ऑब्जेक्टही एकच हवा. प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीत (म्हणजे स्क्रीनमध्ये) नवा बनवलात की पहिल्या पद्धतीचे भोग परत. बॅकअपलाही जपा: ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वॉल फाइलमध्येच असतात. नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर नेमकं आज सकाळचं दूध गायब. आधी चेकपॉइंट करा (वॉल फाइलमधल्या नोंदी मुख्य फाइलमध्ये उतरवा) किंवा डेटाबेस बंद करून मगच कॉपी करा.

नवं अ‍ॅप असेल तर माझं मत सरळ रूमला. जुनं जावा अ‍ॅप, चार टेबलं, मागे सिंक वगैरे काही नाही? मग एकच हेल्पर पुरे. रूमसाठी सगळं उकरण्यात अर्थ नाही. पहिल्या पद्धतीला मात्र मी कुठेच जागा देणार नाही.

आणि फोनवरून थेट सर्व्हरच्या मायएसक्यूएल डेटाबेसला जोडायचा विचार असेल, तर तो सोडाच. पासवर्ड एपीकेमध्ये (अ‍ॅपच्या इन्स्टॉल फाइलमध्ये) जातो आणि एपीके कुणालाही उघडता येते. मध्ये एपीआय, म्हणजे मागण्या तपासून पुढे देणारा सर्व्हरवरचा दुवा, हवाच.