मोडलेला हेडस्टॉक रंगाखाली दडवून विकलेली गिटार

वापरलेली गिटार ऑनलाइन घेऊन घरच्या वर्कशॉपमध्ये नीट करणाऱ्यांसाठी हा एका व्यवहाराचा हिशेब. गिटार ‘लेस पॉल’ या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारीच्या धाटणीची होती: महोगनीचा नेक (तारा दाबायचा लांब दांडा) आणि मागे झुकलेला हेडस्टॉक (दांड्याचं खुंट्या असलेलं टोक). जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नेक सरळ, एकही क्रॅक नाही, नुकतंच पॉलिश केलंय, सेटअप (तारांची उंची, सूर वगैरेची जुळणी) करून देतो.’ फोटो भरपूर, पण जवळपास सगळे समोरून. नेकच्या पाठीचा एकच, तोही अंधूक. ट्रस रॉडचं (नेकमधल्या, त्याचा बाक सांभाळणाऱ्या लोखंडी सळईचं) हेडस्टॉकवरचं कव्हर काढून आतला फोटो पाठवा म्हटल्यावर विक्रेत्याने कळवलं, ‘स्क्रू गंजलेत, जबरदस्ती केली तर रंग उडेल.’ व्यवहार खरं तर तिथेच थांबायला हवा होता. ते दोन स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने मिनिटभरात निघतात.

पार्सल आलं तेव्हा सहाही तारा लोंबत होत्या. सोबत चिठ्ठी: प्रवासात नेकवर ताण नको म्हणून सैल केल्यात, तक्रार असल्यास दोन दिवसांत कळवा.

पाठवताना तारा थोड्या सैल करणं ही चांगलीच सवय आहे, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण 10 ते 46 जाडीचा (इंचाच्या हजारांश भागांत) संच 628 मिमी स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर, सुरात लावला की सहा तारा मिळून हेडस्टॉकला सुमारे 44 किलोच्या ताणाने पुढे ओढतात. कच्चा जोड या ओढीनेच पाठीमागून उघडतो, आणि तोही लगेच नाही, हळूहळू. ताण नसेल तर मोडका नेकही अगदी धडधाकट दिसतो. दोन दिवसांच्या मुदतीचा अर्थ आता लक्षात येईल.

गिटार सुरात लावली, तर सकाळी सहाही तारा एकसारख्या उतरलेल्या. नव्या तारा ताणून बसेपर्यंत उतरतात, तेवढं सोडून द्यावं. एकच तार उतरत असेल तर खुंटी नाहीतर नट (नेक आणि हेडस्टॉकच्या मधली, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) बघा. पण बसलेल्या तारा सगळ्या मिळून उतरत असतील, आणि एक चढवली की बाकीच्या खाली जात असतील, तर जोड सरकतोय. मग नटच्या मागे काळ्या रंगात केसाएवढी रेघ उमटली.

गिटार मोडते ती नेमकी इथेच. या धाटणीत हेडस्टॉक साधारण 17 अंशांत मागे झुकलेला असतो. नेक एकाच लाकडाचा असला की या वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात. त्यात ट्रस रॉड फिरवायच्या धातूच्या नटासाठी (हा नट वेगळा) खाच कोरून आणखी लाकूड काढलेलं असतं. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की काम झालं.

कव्हर काढल्यावर सगळा प्रकार उघडा पडला. बाहेरून लांबी (पुट्टी) भरून, घासून, काळ्या रंगाची छटा मारून भेग झाकली होती, पण खाचेच्या आत रंग मारायला कोणी जात नाही. तिथे भेग तिरपी गेलेली स्वच्छ दिसत होती आणि तिच्या कडेला सुपरग्लूचे वाळलेले, काचेसारखे चमकणारे थेंब होते. एक थेंब थेट ट्रस रॉडच्या नटावर. रॉड जाम.

सुपरग्लूचा इतका राग का, असं वाटेल. मोडलेला हेडस्टॉक ही काही लाजेची गोष्ट नाही. ताजी, लांब भेग लाकडाच्या पिवळ्या गोंदाने किंवा सरसाने नीट क्लॅम्प करून 24 तास ठेवली, तर जोड वर्षानुवर्षं टिकतो. तसं सांगून, किंमत उतरवून विकलेली गिटार खुशाल घ्यावी. पण पातळ सुपरग्लू लाकडाच्या छिद्रांत मुरतो आणि नंतर दुसरा गोंद आत शिरूच देत नाही. तो असिटोनने सुटतो खरा, पण असिटोन लॅकरही खातं, आणि खरवडताना तंतू गेले की दोन तुकडे एकमेकांत पूर्वीसारखे बसत नाहीत. मग नुसत्या गोंदावर भागत नाही. ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना भेग ओलांडून जाणारे चर राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) पाडायचे, त्यांत नेकच्याच दिशेच्या रेषांच्या कठीण लाकडाच्या पट्ट्या घट्ट बसवायच्या आणि मग पाठ घासून पुन्हा गोलाई द्यायची. रॉडला आधी मेण चोळायचं, म्हणजे गोंद धरत नाही. जाम नट सोडवायला त्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून गोंद मऊ करावा लागतो. तापलेल्या सुपरग्लूचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, म्हणून खिडकी उघडी हवीच. एवढं सगळं ‘पूर्ण सेटअप केलेल्या’ गिटारीवर.

गिटार हातात घेऊन बघता येत असेल तर ती सुरात लावलेलीच बघा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नेकच्या पाठीला जवळजवळ समांतर धरा. घासलेली जागा लाटेसारखी दिसते. नटमागून नख फिरवा. जुन्या नायट्रो लॅकरवर (जुन्या गिटारींवरच्या नायट्रोसेल्युलोजच्या लेपावर) यूव्ही टॉर्च मारला तर ते फिकट हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला रंग वेगळा, बहुधा काळपट ठिगळासारखा उठून दिसतो. फक्त नटच्या मागेच गडद छटा आणि बाकी नेक नितळ, असं दिसलं तर कारण विचारा. लांबून घेत असाल तर खाचेचा फोटो आणि ट्यूनर लावून सहाही तारांचा एकसलग व्हिडिओ मागा.

याच गिटारीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक-वेटोळे) ‘अल्निको’ या मिश्रधातूच्या चुंबकाचे म्हणून सांगितले होते. पिकअपचं कव्हर काढलं तर खाली काळं सिरॅमिक चुंबक. मल्टिमीटरची दोन टोकं चुंबकाला टेकवा: अल्निको धातू असल्याने वीज वाहतो, सिरॅमिक वाहत नाही. नुसता रेझिस्टन्स मोजून हे कळत नाही, तो फक्त तारेच्या वेढ्यांबद्दल सांगतो.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने ‘तुम्हीच तारा जास्त ताणल्या’ असं म्हणून हात वर केले. पुरावा होता तो खाचेतले वाळलेले थेंब. म्हणून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, कव्हर काढून आतले फोटो त्याच दिवशी घ्या, आणि वाद मिटेपर्यंत भेगेत स्वतःचा गोंद घालू नका. एकदा तो घातला की आधीचा गोंद कोणाचा हे सिद्ध करता येत नाही.