हब डायनामो, 11 महिने: दिवा झकास, पण मागच्या वायरीचं बघा

जुलैतली पहाट, सव्वाचारची वेळ. वाई सोडून सायकलने पसरणी घाट चढत होतो, पाऊस आणि धुकं दोन्ही होतं. पुढचा दिवा नीट लागलेला. एक टेम्पो शेजारी आला आणि ड्रायव्हर ओरडला, "ओ, मागं लाइट नाय तुमच्या!" किती वेळ नव्हता कोण जाणे. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

हब डायनामो म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारा, चाक फिरलं की वीज देणारा डायनामो. माझा शिमानोचा 6 व्होल्ट, 3 वॅटचा हब, त्यासाठी पुढचं चाक नव्याने बांधून घेतलं. पुढचा जर्मन एलईडी दिवा, वरून कापलेल्या झोताचा. समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही, सगळा रस्त्यावर पडतो. हबपासून वायर पुढच्या दिव्याला आणि तिथून फ्रेमवरून मागच्या मडगार्डपर्यंत.

पहिल्या दोन महिन्यांत मी हे सगळं विकायला निघालो होतो. चढाला वेग आठच्या खाली गेला की दिवा थरथरायचा. हबची 3 वॅटची ताकद ताशी 15 किलोमीटरच्या आसपास धरलेली असते, हे खरेदी करताना डोक्यात शिरलं नव्हतं. आता मत बदललंय. ताशी सातने चढताना दहा पावलं पुढचं दिसलं तरी भागतं, आणि उतारावर जिथे खरी गरज असते तिथे हा दिवा भरभरून उजेड देतो. चार्जिंगची कटकट नाही.

राग आहे तो मागच्या वायरीवर. वडिलांच्या सायकलला बाटलीचा, टायरला घासून फिरणारा डायनामो होता: पुढे 2.4 वॅटचा बल्ब, मागे 0.6 चा. डायनामो साधारण अर्धा अँपिअर करंट ढकलत राहतो. मागचा बल्ब गेला की सगळा भार पुढच्यावर येऊन तो एकदम प्रखर व्हायचा आणि थोड्या वेळात उडायचा. त्रासदायक होतं, पण मागे काहीतरी गेलंय हे लगेच कळायचं. आताचा एलईडी दिवा करंट आपला आपण सांभाळतो. मागचा गेला तरी पुढे तसूभर फरक नाही. म्हणून मला कळलं नाही.

दुकानात नेली. पाच मिनिटांत निकाल: "दिवाच गेलाय, नवा टाका." 3,400 रुपये. मल्टीमीटर हातात घेतला नाही, वायर हलवून पाहिली नाही. पाहणीचे 200 मात्र घेतले. मी सायकल घरी आणली. मागचा दिवा काढून पुढच्या दिव्यापाशी तात्पुरत्या वायरीने जोडला, चाक हाताने फिरवलं, लख्ख लागला! मग वायरीला मल्टीमीटर लावला. बीप येत होता, म्हणजे वायर जोडलेली, पण मडगार्डपाशी वायर जरा वाकवली की बंद. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा जोड, पकडीने दाबून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडलेलं, तारा आतल्या आत तुटलेल्या. वायर इतकी ताणून बसवली होती की प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट थिंबलला बसत होता.

2.8 मिलिमीटरची दोन थिंबल, श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी), केबल टाय: 60 रुपये. वायरीला थिंबलच्या आधी खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकून जातं, थिंबलपर्यंत पोचत नाही. पुढे फोर्कपाशीही ढील ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा. अर्थिंग, म्हणजे वीज परतायची वाट, फ्रेममधून घेऊन एका वायरीत काम उरकू नका. फ्रेमवर रंग, मडगार्ड प्लास्टिकचं, शिवाय शिमानोच्या हबचं एक टोक आसाशी, म्हणजे फ्रेमशी जोडलेलं असतं. वायरी उलट लागल्या तर शॉर्ट होऊन दिवा लागतच नाही. दोन वायरी थेट मागेपर्यंत न्या.

त्यानंतर चार महिने झाले, अख्खा पावसाळा गेला, मागचा दिवा एकदाही विझला नाही. थांबलो की मागे वळून बघतो. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर तो उभ्या सायकललाही काही मिनिटं जळतो, म्हणजे शंका राहत नाही. डिसेंबरात 400 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आहे, 27 तासांची मर्यादा, म्हणजे रात्र रस्त्यावरच. त्याआधी पुढची थिंबलंही नव्याने बसवणार आहे. आणि खर्च नको वाटत असूनही सीटखाली सेलवरचा एक वेगळा लाल दिवा लावलाय.