जिओजेब्रा थ्रीडी: स्पर्शप्रतल झकास दिसतं, दशांशांवर मात्र नजर ठेवा

दोन चलांच्या फंक्शनचं लिनिअर अप्रॉक्सिमेशन, म्हणजे एखाद्या बिंदूजवळची किंमत तिथल्या स्पर्शप्रतलावरून अंदाजाने काढणं, वहीत चार ओळींत सुटतं. स्पर्शप्रतल पृष्ठभागाला कुठे चिकटतं आणि कुठून सुटायला लागतं, हे फळ्यावर दाखवताना मात्र हात टेकावे लागतात. त्यासाठी जिओजेब्रा या गणिताच्या ॲपच्या थ्रीडी कॅलक्युलेटरला तोड नाही. मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं. फोनवरही चालतं, पण सूत्रं टाइप करायची असल्याने लॅपटॉप घेतलेला बरा.

उदाहरण नेहमीचंच घेऊ: एफ म्हणजे एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ. बिंदू (३, ४), किंमत हवी (३.०२, ३.९७) ला. आधी एफ टाइप करा, मग ए = ३ आणि बी = ४. डेरिव्हेटिव्ह कमांडने एक्स आणि वायचे पार्शल डेरिव्हेटिव्ह (दुसरा चल स्थिर धरून एकाच चलामुळे होणाऱ्या बदलाचा दर) काढा आणि त्यांना पी, क्यू अशी नावं द्या. शेवटी प्रतल एल: एफ(ए, बी), अधिक पी(ए, बी) गुणिले (एक्स वजा ए), अधिक क्यू(ए, बी) गुणिले (वाय वजा बी). कंसाला कंस लागतो तिथे गुणाकाराचं चिन्ह द्याच. स्पर्शबिंदूचं नाव कॅपिटल अक्षरात ठेवा. स्मॉल अक्षर दिलंत तर बिंदूऐवजी व्हेक्टरचा बाण उमटतो.

पी येतो ०.६, क्यू ०.८. म्हणजे ५ + ०.०१२ − ०.०२४ = ४.९८८. खरी किंमत ४.९८८१२. आणि इथेच पहिली ठेच लागते: ॲप मुळात दोनच दशांश स्थळं दाखवतं, त्यामुळे दोन्हीकडे ४.९९ दिसतं आणि उत्तर तंतोतंत आल्याचा भास होतो. सेटिंगमध्ये जाऊन राउंडिंग किमान पाच स्थळांवर न्या.

दुसरी चूक वापरणाऱ्याची. किंमत काढायला ए चा स्लायडरच ३.०२ वर नेला, तर प्रतलही सोबत सरकतं आणि फरक शून्य येतो. ए, बी जागचे हलवायचे नाहीत, एल(३.०२, ३.९७) वेगळ्या ओळीत लिहायचं.

ॲपची खरी मजा एफ वजा एल या फरकाच्या पृष्ठभागात आहे. ओळीच्या डावीकडच्या रंगीत गोळ्यावर टिचकी मारून मूळ दोन्ही पृष्ठभाग लपवा, कारण स्पर्शाजवळ ते एकमेकांत मिसळून काही धड दिसत नाही. आता उरलेला पृष्ठभाग बघा: आरंभबिंदूतून (३, ४) कडे जाणाऱ्या किरणावर फरक सगळीकडे शून्य! (६, ८) इतक्या लांबही एल आणि एफ दोन्ही १०. आकार शंकूचा आहे, प्रतल त्याला अख्ख्या रेषेवर टेकतं. (३, ४) पासून त्या रेषेला लंब दिशेने ०.१ सरकलात तर चूक साधारण ०.००१, आणि १ सरकलात तर ०.०९९. अंतर दहापट, चूक जवळपास शंभरपट. वहीत हे क्वचितच कुणाच्या लक्षात येतं.

परीक्षेत हमखास येणारं १.०४ चा ३.०१ घात हे गणितही करून बघा. एक्सचा वाय घात, बिंदू (१, ३). वायचा पार्शल शून्य येतो, कारण १ चा लॉग शून्य. त्यामुळे ३.०१ मधल्या ०.०१ चा हिशेबात पत्ताच नसतो, उत्तर १.१२, खरं १.१२५३. ही ०.००५३ ची चूक बहुतेक सगळी एक्सच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची आहे: ३ गुणिले ०.०४ चा वर्ग, म्हणजे ०.००४८.

फंक्शन डिफरन्शिएबल आहे का, म्हणजे त्या बिंदूला खरोखर स्पर्शप्रतल टेकतं का, हे मात्र या ॲपला विचारू नका. एक्स-वायच्या गुणाकाराच्या निरपेक्ष किमतीचं वर्गमूळ घ्या. व्याख्येने आरंभबिंदूपाशी दोन्ही पार्शल शून्य आहेत, तरी तिथे स्पर्शप्रतल नाही: एक्स = वाय रेषेवर एफची किंमत एक्सच्या निरपेक्ष किमतीइतकी वाढते, एल शून्यावरच. ॲप पार्शलच्या सूत्रात शून्य घालतं, शून्य भागिले शून्य येतं आणि ओळीत नुसतं प्रश्नचिन्ह उमटतं. ते बघून पार्शलच नाहीत असं लिहिलंत तर मार्क गेले. तिथे लिमिटची व्याख्या हातानेच लावावी लागते.