टर्बो हॅचबॅक, चौदा महिने: सगळं दिलं, तापमानाचा काटा तेवढा काढला

साठ रुपयांच्या क्लिपमुळे गाडी मोहोळच्या अलीकडे उभी राहिली, म्हणून हे लिहायला घेतलं. एरवी चौदा महिने आणि १६,८०० किलोमीटरमध्ये तक्रारीला जागा नव्हती. तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, गिअर मॅन्युअल. नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाही. सोळा इंची चाकं, लाल शिलाईच्या सीट, भली मोठी स्क्रीन, स्पीकरमधून येणारा एग्झॉस्टचा बनावट आवाज, सगळं आहे. इंजिन किती तापलंय हे सांगायला मात्र एक निळा दिवा आणि एक लाल दिवा. मारुती ८०० मध्येसुद्धा सी ते एच काटा होता!

निळा दिवा ५०-६० अंशांना विझतो आणि लोक लगेच गाडी पिळायला लागतात. त्या वेळी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कोमट झालेलं असतं, ऑइल नाही. ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर फिरतं. लाल दिवा लागतो तेव्हा बहुतेक गाड्या ११५ च्या पुढे गेलेल्या असतात. या दोन दिव्यांच्या मधे ५५-६० अंशांचा अंधार. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ असतं, तिथे हा अंधार परवडत नाही.

उपाय स्वस्त आहे. स्टिअरिंगखाली गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात हजाराच्या आत मिळणारा ईएलएम ३२७ ब्लूटूथ डोंगल लावायचा आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप. आयफोनवाल्यांनी डोंगल त्याला चालतो का ते आधी बघावं. डायलवर दोनच आकडे ठेवा: कूलंट आणि इनटेक, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा. गाडी लावली की डोंगल काढायचा, नाहीतर आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी बसते.

माझ्या गाडीचे उन्हाळ्यातले आकडे असे. पुणे हायवेला शंभरच्या वेगात एसी लावून कूलंट ९३ ते ९६. नवी पेठेत गर्दीत रांगताना १०३ पर्यंत चढतं, पंखा जोरात फिरतो, मग ९६ ला उतरतं. इनटेक हवा हायवेला ५२, गर्दीत ६८. सात रस्त्याच्या सिग्नलवरून निघताना पिकअप मेल्यासारखा वाटतो तो या ६८ मुळे. टर्बोने दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर तापला की हवा विरळ होते, नॉकिंग (इंधन आपोआप पेटून होणारी ठोकाठोक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, स्पार्क मागे ओढतो, ठिणगी उशिरा टाकतो आणि अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता मिळाला की गाडी पुन्हा जिवंत होते. सुरुवातीला मी याचं खापर पेट्रोलवर फोडत होतो. ते चूक होतं.

ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा परिणाम वेगळा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्क्यांची तूट येणारच. पण त्याचं ऑक्टेन जास्त, त्यामुळे टर्बोला नॉकिंगचा त्रास उलट कमी. टाकी फुल ते फुल मोजून मायलेज हायवेला १६.४, शहरात ११.५. जिल्हा साखर कारखान्यांचा. ऊस आपलाच, इथेनॉल आपलंच, ओरडायचं कुणावर?

आता क्लिप. बंपरच्या कामात वर्कशॉपने रेडिएटरच्या खालच्या नळीची मूळची स्प्रिंग क्लिप काढून स्क्रू क्लिप आवळली. नळीचं तोंड प्लॅस्टिकचं. गरम झालं की फुगतं, गार झालं की आकसतं. स्प्रिंग त्याच्याबरोबर हलते, स्क्रू हलत नाही आणि महिन्याभरात ढिला पडतो. गळती होते ती सकाळी, गाडी गार असताना. गरम झाली की तोंड फुगून थेंब बंद. म्हणून तपासणीत काही सापडत नाही आणि "असतंय ओ, कूलंट थोडं कमी होतंच की" असं ऐकून घरी यायचं. गार इंजिनवर प्रेशर टेस्ट केली की पाच मिनिटांत कळतं. मला आधी वॉटर पंप आणि नळ्यांचा सेट बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं होतं!

इथे काट्याबद्दलचं माझं मत अर्धं बदललं. मोहोळजवळ अ‍ॅपवर आकडा ९५ वरून १०८ ला गेला आणि नंतर चक्क ८१ वर उतरला. लाल दिवा शेवटपर्यंत लागलाच नाही. कूलंट संपलं की सेन्सर वाफेत लोंबकळतो आणि खोटं बोलतो. काटा असता तर तोही खोटंच बोलला असता. खरी खूण वेगळी: हीटर पूर्ण गरमवर लावा. आकडा चढलेला असताना गार हवा आली तर आत पाणी नाही, जागेवर इंजिन बंद करा. कूलंटच्या टाकीतल्या पातळीचा सेन्सर काही महागड्या गाड्यांत असतो. इथे त्याचे पैसे वाचवले आणि पैसे गेले त्या बनावट आवाजावर.

तोवर दर रविवारी, सपाट जागी, गार इंजिनवर पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे आहे का बघायची. गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ते टाकायचंच नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तयार कूलंट, अडचणीत डिस्टिल्ड वॉटर. कूलंटचा रंग जुळला म्हणजे जात जुळली असं नाही.

घ्यावी का? २०१५ मध्ये अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्ती देत होती, ते दिवस गेले. २०२२ मध्ये पोलोही बंद झाली. आज आय२० एन लाइनसारख्या गाड्या १२० च्या आसपास थांबतात. चार मीटर आणि १,२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झाला, म्हणून याच वर्गात हिशेब बसतो. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जशी ओढते, त्यासाठी मी पुन्हा हीच घेईन. डोंगलसकट.

ता. क.: मूळ मापाची स्प्रिंग क्लिप बसवून २,३०० किलोमीटर झाले. पातळी रेघभरही हललेली नाही.